तुम्ही विचारलंत म्हणून: बॅगेत अजून सीड्या कशाला?

लातूर, औसा, निलंग्याकडं शाळा-कॉलेजच्या लॅबमधले जुने पीसी परत चालते करून द्यायचं काम करतो मी, आणि बॅगेची चेन उघडली की कुणीतरी विचारतंच, "सर, पेन ड्राइव्हच्या जमान्यात ह्या सीड्या कामून घेऊन फिरायलाव?"

तर असंय, लॅबमध्ये सगळी मशीनं एका वयाची नसतात. काही नवी, काही देणगीत आलेली, काही कुणाच्या तरी ऑफिसातून उतरलेली. त्यातल्या म्हाताऱ्या बोर्डाच्या बायोसमध्ये (मशीन चालू होताच पहिल्यांदा चालणारा आतला प्रोग्रॅम) बूट ऑर्डर, म्हणजे सिस्टीम कुठून सुरू करायची त्याचा क्रम, उघडली की फ्लॉपी, हार्ड डिस्क, सीडीरॉम एवढंच दिसतं, यूएसबीचा पत्ताच नाही, आणि कुठं यूएसबी-झिप असं काही लिहिलेलं असलं तरी आपला पेन ड्राइव्ह काय त्याला दिसत नाही. मग कुणी म्हणतं यूएसबीवाला बाहेरचा सीडी ड्राइव्ह लावा की! अहो, ज्याला पेन ड्राइव्ह कळंना त्याला तो तरी कुठून कळणार? म्हणून मी एक जुना आयडीई, म्हणजे चपट्या केबलनं थेट बोर्डाला जोडायचा, सीडी ड्राइव्ह आन् ती केबल पण सोबत ठेवतो.

बरं, सीडीवर आख्खी सिस्टीम बसवायच्या नादी मी लागत नाही. सीडीत मावतं 700 एमबी, आणि उबुंटू ही फुकटातली लिनक्स सिस्टीम 2012 मध्ये 12.10 ह्या आवृत्तीपासूनच त्याच्या बाहेर गेली. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, मूठभर मशीनांसाठी सगळ्यांनी किती दिवस अंग चोरून बसायचं. माझ्या सीडीवर फक्त प्लॉप बूट मॅनेजर, म्हणजे मशीन सुरू करून देणारा प्रोग्रॅम, असतो, फ्लॉपीतही मावेल एवढुसा, पण यूएसबीचा ड्रायव्हर त्याचा स्वतःचा, त्यामुळं तो सुरू झाला की पुढचं पेन ड्राइव्हवरून होतं. लॅब मोठी असली तर आयपीएक्सईची (नेटवर्कवरून मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) सीडी टाकतो, माझा लॅपटॉप लॅबच्या नेटवर्क स्विचला जोडतो आणि सगळी मशीनं नेटवर्कवरूनच इन्स्टॉल होतात, ते तर बेस्टच.

सीडी मात्र साधी, एकदाच राइट होणारी सीडी-आर घ्या आणि हळू स्पीडनं राइट करा. रीरायटेबल जुन्या ड्राइव्हला बऱ्याचदा वाचता येत नाही, तिचं परावर्तन कमी असतं. ट्रे अडकला तर समोरच्या बारीक भोकात सरळ केलेली यू-पिन घालायची, उघडतो.

आणि हो, आधी बोर्डावरचा सेल बदला! सीआर 2032, घड्याळाच्या दुकानात मिळतो. तो मेला की लावलेली बूट ऑर्डर जाते, तारीख 2002 वगैरे दाखवते आणि मग ब्राउझर म्हणतो सर्टिफिकेट चुकीचं, अपडेट पण होत नाही आन् लोक नेटवाल्याला शिव्या घालत बसतात.

बाकी 512 एमबी रॅमचं मशीन असलं तर मी हेडसरांना सरळ सांगतो की ह्याच्यावर मराठी टायपिंग शिकवा, इंटरनेट नको. 32 बिटचं, म्हणजे जुन्या प्रोसेसरच्या मशीनांचं, तर आता अवघडच झालंय, डेबियन ह्या दुसऱ्या लिनक्सनं पण आवृत्ती 13 मध्ये त्याचा इन्स्टॉलर काढून टाकला, म्हणून मी 12 ची इमेज जपून ठेवलीय. ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा सपोर्ट संपल्यापासून येणारी मशीनं मात्र पेन ड्राइव्हवर मुकाट बूट होतात, त्यांना सीडी लागत नाही.