‘घ’ की ‘ध’?

बाळांच्या नव्या दवाखान्याची पाटी करायला दिली तेव्हा डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “दार बघूनच पोरं रडायला लागतात. पाटी तरी हसरी करा.” मी डोळे झाकून बालू लावला, तोही एक्स्ट्राबोल्ड, म्हणजे त्याचा सगळ्यात जाड प्रकार. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला हा फॉन्ट मला मनापासून आवडतो. अक्षर गुबगुबीत, टोकं गोलसर, तरी देवनागरीचं वळण कुठे हरवत नाही. वापरायला मोफत. आणि भावंडं किती! गुजरातीतला ‘बालू भाई’, गुरुमुखीतला ‘पाजी’, मल्याळममधला ‘चेट्टन’, बंगालीतला ‘दा’. आठ बाय तीन फुटांची पाटी चढली तेव्हा दवाखान्याचं नाव रस्त्यापलीकडच्या रिक्षा स्टँडवरून वाचता येत होतं.

मॅडम खूश. लसीकरणाचं कार्डही त्याच अक्षरात हवं म्हणाल्या. मी हो म्हटलं, तिथेच चुकलो. हाताएवढ्या कार्डात सगळा तक्ता बसवायचा म्हणून मजकूर ९ पॉइंटवर आणला आणि पाचशे प्रती छापून पोचत्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर कार्ड घेऊन दुकानात आल्या. “दादा, हे ‘घनुर्वात’ काय छापलंय?”

मी फाइल उघडली. टाइप बरोबर होतं, ‘धनुर्वात’च. पण कागदावर सिस्टर म्हणत होत्या तेच दिसत होतं. भिंग लावलं. ‘ध’च्या डोक्यावर शिरोरेषा जिथे तुटते, ती फट मुळातच जाड अक्षरात चिमुकली, त्यात शाई पसरून ती बुजली होती. वरच्याच ओळीत ‘घटसर्प’. दोन्हींचं पहिलं अक्षर सारखंच! मग एकेक दिसत गेलं. ‘भ’चा ‘म’ झालेला, ‘पेंटाव्हॅलंट’ या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीच्या नावात ‘पें’वर मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत विरघळलेले. एका कार्डाची झेरॉक्स काढली, तर गाठी भरून नुसते काळे ठिपके.

“पेनाने दुरुस्त करू,” मॅडम फोनवर म्हणाल्या. मी नाही म्हटलं. पेंटाव्हॅलंटचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना, पण डीपीटीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातावरच्या लसीचा, दुसरा बूस्टर ५ ते ६ वर्षांचं झाल्यावर. तोवर हे कार्ड आईच्या पिशवीत राहणार, आजी ते वाचणार, दुसऱ्या गावचा डॉक्टर वाचणार. पाचशे कार्डं परत आणली आणि फाडली.

संध्याकाळपर्यंत नवं कार्ड बसवलं. वरचं ‘लसीकरण कार्ड’ बालूमध्येच, ३० पॉइंट, कारण तिथे तो शोभतोच. खालचा तक्ता ‘एक टाइप’च्याच मुक्ता फॉन्टमध्ये, रेग्युलर म्हणजे साध्या जाडीत, ११ पॉइंट. जागेसाठी फुग्यांची आणि अस्वलांची चित्रं काढून टाकली. या वेळी आधी एकच प्रत काढली, तिची झेरॉक्स केली आणि ती झेरॉक्स घेऊन दवाखान्यात गेलो.

सिस्टरांनी चष्मा न लावता, कार्ड हातभर लांब धरून वाचलं, “घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात.” मग सही केली.