दिवस गेलेत, नवी नोकरी जर्मनीत: कधी सांगायचं?

जर्मनीत मुलाखतीत "गरोदर आहात का?" असं विचारलं, तर दिवस गेलेले असूनही "नाही" म्हणता येतं. प्रश्नच बेकायदा, त्यामुळे त्या उत्तरावरून नंतर करार रद्द करता येत नाही. मुदतीच्या करारालाही हेच लागू, असं युरोपीय न्यायालयाने 2001 मध्ये ठरवलं. घरी फोनवर हे सांगितलं की "आधीच सांगून टाक, लपवाछपवी नको" असा सल्ला हमखास येतो. त्यात माया असते, पण इथे तो पाळायची गरज नाही. जो प्रश्न विचारायचा हक्कच नाही, त्याचं खरं उत्तर आपण का देणं लागतो?

नोकरीवरून काढण्यापासूनचं संरक्षण रुजू होण्याच्या दिवसापासून नव्हे, करारावर सही झाल्यापासून मिळतं. हा 2020 चा सर्वोच्च कामगार न्यायालयाचा निकाल. प्रोबेशनमध्येही ते असतं, बाळंतपणानंतर 4 महिने टिकतं. गरोदरपणाची सुरुवात बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपासून 280 दिवस मागे मोजून धरतात. न सांगता राहिलात आणि काढल्याचं पत्र आलं, तर ते हातात पडल्यापासून 2 आठवड्यांत मालकाला गरोदरपण कळवा आणि 3 आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा लावा. दोन्ही मुदती वेगळ्या आहेत. पहिली पाळून दुसरी चुकवली की हातची केस जाते.

मला या व्यवस्थेत सगळ्यात मोठी वाटते ती 'ऊ 2' नावाची वर्गणी. प्रत्येक मालक, एकही बाई कामाला नसली तरी, पगाराच्या प्रमाणात थोडे पैसे सरकारी आरोग्य विम्याकडे, म्हणजे क्रांकनकासेकडे, भरतो. रजेच्या काळात क्रांकनकासे दिवसाला जास्तीत जास्त 13 युरो देते, उरलेला निव्वळ पगार मालक देतो आणि तो खर्च त्याला या वर्गणीतून 100 टक्के परत मिळतो. पूर्वी ही सोय फक्त छोट्या कंपन्यांना होती. खर्चाच्या धास्तीने मालक बायकांना नोकरीच देणार नाहीत, हा धोका घटनात्मक न्यायालयाने 2003 मध्ये दाखवून दिला आणि 2006 पासून ती सगळ्यांना लागू झाली.

आपल्याकडे 2017 पासून 26 आठवडे भरपगारी रजा आहे. इथली मुटरशुट्झची, म्हणजे बाळंतपणाची, रजा आधी 6 आणि नंतर 8, म्हणजे 14 आठवडेच. याचा अभिमान वाटतो आणि वाटायलाच हवा. पण ईएसआय सोडलं तर आपल्याकडचा तो सगळा पगार त्या एकाच मालकाच्या खिशातून जातो आणि "लग्न झालंय का, मुलांचा काय विचार?" हा मुलाखतीतला प्रश्न तिथूनच उगवतो. शिवाय आपल्याकडे आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं लागतं. इथे रजेला अशी अट नाही.

मग सांगायचं कधी? कायदा "कळलं की सांगावं" म्हणतो, पण सक्ती नाही. ऑफिसचं काम असेल तर 12 आठवडे थांबलात तरी चालेल. प्रयोगशाळा, दवाखाना, जड सामान किंवा रात्रपाळी असेल तर लगेच सांगा, कारण मालकाला कळल्याशिवाय तो काम बदलून देऊच शकत नाही. ईमेलवर कळवा, मुटरपासमधली (गरोदरपणाच्या नोंदवहीतली) अपेक्षित तारीख लिहा. दाखला मागितला तर त्याचा खर्च मालकाचा. सरकारी देखरेख कार्यालयाला कळवणं हेही त्याचंच काम.

एक कागद मात्र डोळे उघडे ठेवून वाचा: आउफहेबुंग्सफरत्राग, म्हणजे परस्परसंमतीने नोकरी संपवण्याचा करार. त्यावर सही केली की वरचं सगळं संरक्षण संपलं. मुदतीचा करार गरोदरपणातही ठरल्या तारखेलाच संपतो. खाजगी आरोग्य विमा असेल तर रोजच्या 13 युरोंऐवजी सरकारकडून एकदाच 210 युरोपर्यंत मिळतात.

भारतातून नुकत्याच आलेल्या मैत्रिणींना खरा फटका बसतो तो एल्टर्नगेल्टमध्ये, म्हणजे बाळ झाल्यावर पालकांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्यात. ते रजेआधीच्या 12 महिन्यांच्या कमाईवर ठरतं आणि भारतातला पगार त्यात शून्य धरतात. 1 मेला रुजू, 10 डिसेंबर ही बाळंतपणाची अपेक्षित तारीख, निव्वळ पगार 3000 युरो: मे ते सप्टेंबर असे 5 महिनेच मोजले जातात, 12 महिन्यांची सरासरी 1250 येते आणि हातात महिन्याला साधारण 800 युरो. वर्षभर इथेच काम केलेल्या शेजारणीला त्याच पगारावर कमाल मर्यादेइतके, 1800 युरो मिळतात.