प्रश्नचिन्हांचा रविवार

आज ठरवलं, स्वतःची फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारा नि शोधून देणारा कोड) लिहायचीच. थेट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, हात घालायची छाती नव्हती, म्हणून कर्नलबाहेरून फाइलसिस्टिम चालवू देणारं फ्यूज घेतलं. २००५ पासून ते लिनक्स कर्नलमध्येच आहे. आपला कोड साध्या प्रोग्रामसारखा चालतो, आपटला तरी सहसा अख्खं मशीन बसत नाही.

सुरुवातीला चार फंक्शनं पुरतात: गेटॲटर (फाइलची माहिती देतं), रीडडिर (डिरेक्टरीतली, म्हणजे फोल्डरमधली, नावं देतं), ओपन, रीड. दुपारी माउंट झालं, म्हणजे फाइलसिस्टिम मशीनला जोडली गेली. फाइलींची यादी दाखवणारी ‘एलएस -एल’ कमांड मारली तर फाइलचं नाव बरोबर, पण परवानग्या, साइज, तारीख सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं! दोन तास गेले (आणि दोन चहा). रीडडिर नाव सांगत होतं, गेटॲटर म्हणत होतं असली फाइलच नाही. का, तर पाथ (फाइलचा पत्ता) पुढच्या स्लॅशसकट येतो आणि मी स्लॅशशिवाय जुळवत बसलो होतो. कपाळ!

संध्याकाळी कागदावर डिस्कची आखणी केली: सुपरब्लॉक (अख्ख्या फाइलसिस्टिमची मूळ माहिती), बिटमॅप, आयनोड टेबल, मग डेटा. आई डोकावली, “चाळीचा नकाशा काढतोयस का रे?”

चुकली नाही ती. बिटमॅप म्हणजे कुठली खोली, अर्थात डिस्कचा कुठला ब्लॉक, रिकामी याची वही. आयनोडमध्ये फाइलची सगळी माहिती, फक्त नाव नाही. नावाची पाटी डिरेक्टरीत. गिरगावात आमच्या खोलीला आजोबांची नि काकांची अशा दोन पाट्या होत्या. हार्ड लिंकच की, एकाच फाइलला दोन नावं!

१६ एमबीची इमेज (डिस्क म्हणून वापरायची एक फाइल) केलीय. ४०९६ बाइटचे ४०९६ ब्लॉक, दर ब्लॉकला एक बिट, म्हणून बिटमॅप ५१२ बाइटांत मावतो. पुढचं उद्या, लोकलमध्ये बसायला मिळालं तर.