बाईंची स्वकष्टार्जित मिळकत

"सोसायटीत नॉमिनी म्हणून भाचीचं नाव लावलंय की. मग मृत्युपत्र कशाला?" बाईंनी विचारलं. निवृत्त शिक्षिका, विधवा, मूलबाळ नाही. सांगलीतला फ्लॅट स्वतःच्या पगारातून आणि फंडातून घेतलेला. त्यांचं दुखणंखुपणं काढते ती बहिणीची मुलगी.

नॉमिनी फक्त वारसांच्या वतीने सांभाळणारा, मालक नव्हे, हे मी वकील म्हणून समजावलं. पुढचं सांगताना माझाच आवाज चढला. हिंदू वारसा कायदा 1956, कलम 15. मृत्युपत्र नसेल आणि मूलबाळ, नवरा मागे नसेल, तर बाईची स्वतः कमावलेली मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. इथे वारस ठरत होता दिवंगत दिराचा मुलगा. लग्नानंतर लगेच विधवा झालेल्या, सासरने हाकललेल्या एका कमावत्या बाईची पुंजीसुद्धा सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये सासरच्याच वारसांना दिली होती. मला हा कायदा अन्यायाचा वाटतो, आणि अशिलांसमोर मी ते लपवत नाही.

बाई क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "लिहा."

भाचीला मी बाहेर पाठवलं. लाभ जिला मिळायचा, ती खोलीत असली की पुढे कोर्टात तोच मुद्दा निघतो. साक्षीदार दोन: नेहमीचे डॉक्टर आणि शेजारचा तरुण प्राध्यापक. वयाने लहान मुद्दाम घेतला, कारण मृत्युपत्र शाबीत करायला किमान एक साक्षीदार कोर्टात उभा राहावा लागतो. डॉक्टरांनी बाई पूर्ण शुद्धीवर असल्याचा दाखलाही दिला.

मसुदा बाईंनी लाल पेनने तपासला. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि "राजीखुशीने व अक्कलहुशारीने" याखाली रेघ ओढली. खाडाखोड नको म्हणून प्रत नव्याने छापून आणली. पुतण्याला काही का देत नाही, याचं कारण त्यांनी स्वतः सांगितलं, तेही त्यांच्याच शब्दांत घातलं. हात थरथरत होता, तरी अंगठा द्यायला साफ नकार. प्रत्येक पानावर पूर्ण सही केली, आम्हा सगळ्यांच्या देखत.

मृत्युपत्राला स्टॅम्प ड्यूटी लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तरी पुतण्याचा स्वभाव ऐकून मी त्याच दुपारी दुय्यम निबंधकांकडे, म्हणजे नोंदणी अधिकाऱ्यांकडे, घरी येऊन नोंदणी करण्यासाठी गृहभेटीचा अर्ज दिला.