परिकल्पनेच्या रकान्यात अडकलेला दुष्काळ

पीएचडीचा आराखडा शेवटी मंजूर झाला. पण 'परिकल्पना' (म्हणजे तपासून पाहायचं गृहीतक) या एका रकान्यापायी तो दोनदा परत आला, त्याचा राग अजून गेलेला नाही. प्रवेश परीक्षा, मार्गदर्शक, शुल्क यांत काहीच अडलं नाही.

विषय असा: मराठवाड्यात दुष्काळ 'जाहीर' होतो, तेव्हा भाषेतून नेमकं काय घडतं? भाषेचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी 1955 साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत दाखवलं की काही वाक्यं वर्णन करत नाहीत, ती कृतीच असतात. तलाठी पारावर 'यंदा दुष्काळ आहे' म्हणाला तर ते वर्णन. तेच शासन निर्णयात आलं की गाव दुष्काळग्रस्त ठरतं.

आराखडा तपासणाऱ्या समितीने विचारलं, स्वतंत्र चल (कारण मानलेला घटक) कोणतं आणि आश्रित चल (त्यामुळे बदलणारा घटक) कोणतं? मी घाईने लिहून दिलं, 'घोषणेमुळे गाव दुष्काळग्रस्त होते.' चूक इथेच झाली. कारण आणि परिणाम एकमेकांपासून वेगळे ओळखता यायला हवेत. घोषणेआधी शिवार करपलेलं असतं, पण 'दुष्काळग्रस्त गाव' हा दर्जा नसतो. तो घोषणेनेच घडतो. पंचाने बोट वर केलं आणि फलंदाज बाद झाला, यात सहसंबंध काय काढणार? तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांचं सूत्र हेच सांगतं: 'क' या संदर्भात 'अ' म्हणजे 'ब' धरायचं. असा नियम वस्तुस्थिती मोजत नाही, घडवतो. समितीला मात्र चलंच हवी होती.

शेवटी 2016चं उदाहरण कामी आलं. त्या मे महिन्यात राज्य सरकारने ठरवलं की 'दुष्काळसदृश' लिहिलं आहे तिथे 'दुष्काळ' वाचावं. पाऊस तोच, कोरड्या विहिरी त्याच; बदलला फक्त शब्द आणि त्याबरोबर गावांचा दर्जा. हे सांगितल्यावर मुद्दा पोचला.

तुमचाही विषय असा असेल तर आराखड्याचे दोन भाग करा. पहिला संकल्पनेचा: त्यात परिकल्पना नको, 'संशोधन प्रश्न' लिहा आणि शासन निर्णयांच्या शब्दरचनेचं विश्लेषण ही पद्धत द्या. दुसरा क्षेत्रीय: दर्जा मिळाल्यावर कृषिपंपाच्या चालू वीजबिलातली 33.5 टक्के सूट किंवा परीक्षा शुल्कमाफी खरोखर पोचते का? इथे दर्जा आणि लाभ वेगवेगळे मोजता येतात, म्हणून परिकल्पना चालते. रकाना रिकामा सोडू नका. 'भाग दोनपुरती' असं स्पष्ट लिहून भरा.

शासन निर्णयाचे उतारे अवतरणचिन्हांत, क्रमांक आणि दिनांकासह द्या. नाहीतर साम्य तपासणीत (मजकूर दुसरीकडून उचलला आहे का, हे पाहणाऱ्या) 10 टक्क्यांची मर्यादा त्यांच्यामुळेच ओलांडली जाते.

प्रश्नावलीचं राहिलंच. 'तुमच्या गावात दुष्काळ होता का?' असं कधीच विचारू नका. एक जण आभाळ आठवून उत्तर देतो, दुसरा सरकारी यादी आठवून, आणि दोन्ही 'हो' एकाच खान्यात पडतात. 'पेरणी वाया गेली का?' आणि 'गाव यादीत आलं का?' हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवा.