८४९ रुपयांचं नाव

गुहागरच्या घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायचं ठरलं. गीझर बसला, गाद्या आल्या, नाव तेवढं ठरेना. त्याच आठवड्यात एका मराठी सिनेमाचा टीझर आला. नाव तीन साध्या शब्दांचं, आमच्या परसाला अगदी शोभेलसं. पुतण्याने जेवता जेवता मोबाइलवर पाहिलं आणि म्हणाला, "काकू, डॉट कॉम मोकळं आहे. सिनेमा शोधणारे आपसूक आपल्याकडे येतील." आमटी गार व्हायच्या आत ८४९ रुपये भरून झाले.

साडेतीन आठवड्यांनी निर्मात्यांच्या वकिलांची मेल आली. सोबत आमच्या डोमेनच्या, म्हणजे त्या डॉट कॉम पत्त्याच्या, पानाचा स्क्रीनशॉट. ते पान मी तोवर उघडूनही पाहिलं नव्हतं. वेबसाइट बनवायचीच होती, म्हणजे पान कोरं असणार असं धरून चालले होते. पण डोमेन विकणाऱ्या कंपनीने तिथे आपणहून जाहिराती लावल्या होत्या. वर 'हे डोमेन विकत हवंय?' आणि खाली निळ्या अक्षरांत 'सिनेमाची तिकिटं', 'मराठी गाणी डाउनलोड'. दुसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये नोंदणीची माहिती होती. माझं नाव झाकलेलं, पण डोमेन घेतल्याची तारीख पिवळ्या रंगाने अधोरेखित. टीझरनंतर तिसरा दिवस.

आधी राग आला. रोजच्या बोलण्यातले शब्द यांच्या मालकीचे कधी झाले? पुतण्याने तर उत्तर टाइपही केलं होतं: 'दोन लाख द्या, डोमेन घ्या.' पाठवण्याआधी मी मुंबईच्या मावसबहिणीला फोन लावला. ती वकील आहे.

"पाठवलंस?"

"नाही अजून."

"मग आधी ते पुसून टाक."

मी नेटवर वाचलेलं तिला ऐकवलं. सिनेमाच्या शीर्षकाला कॉपीराइट नसतो, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली कृषिका लुल्ला प्रकरणात तसं म्हटलंय. ती म्हणाली, "बरोबर. पण कॉपीराइट वेगळा आणि ट्रेडमार्क वेगळा, बाई." 'शोले'चं उदाहरण तिनेच दिलं. डोमेनमध्ये आणि व्यवसायात ते नाव वापरणाऱ्यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये २५ लाख भरायला लावले. आमचा सिनेमा काही 'शोले' नव्हता. पण ट्रेडमार्कची नोंदणी नसली तरी, नावाला ओळख मिळाली असेल तर 'पासिंग ऑफ'चा, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपलं खपवल्याचा, दावा होतो, आणि डोमेनलाही तो लागू पडतो, हे २००४ च्या सत्यम इन्फोवे निकालापासून पक्कं आहे.

मग तिने मला ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर बसवलं. शोध मोफत आहे, फक्त वर्ग निवडावा लागतो. ४१ म्हणजे करमणुकीचा वर्ग, तिथे निर्मात्यांचा अर्ज माझ्या खरेदीच्या आधीचा. ४३ म्हणजे राहण्याखाण्याचा, तो रिकामा. मी खूश. म्हटलं, सुटलो!

"घराला ते नाव देण्यावरून भांडता येईल," ती म्हणाली, "पण डोमेन कधी घेतलंस? आणि का?"

'का'चं उत्तर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच पडलं होतं, पुतण्याच्या शब्दांत.

डॉट कॉमचा तंटा वायपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) सारख्या संस्थेपुढे जातो. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव आपल्या मार्काशी जुळतं, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि ते वाईट हेतूने घेतलं-वापरलं. एकसदस्यीय पॅनेलची १५०० डॉलर फी तोच भरतो, आपल्याला उत्तराला २० दिवस. दंड होत नाही, डोमेन मात्र जातं आणि निकाल आपल्या नावानिशी नेटवर राहतो. जाहिराती कंपनीने लावल्या, ही सबब सहसा चालत नाही. दोन लाख मागितले असते, तर वाईट हेतूचा पुरावा आम्हीच लिहून दिला असता. होमस्टे टीझरच्या वर्षभर आधी त्या नावाने चालत असता, तर बहीण लढली असती म्हणे.

त्या रात्री जाहिरातींचं पान बंद केलं. उत्तर चार ओळींचं गेलं: चूक कबूल नाही, वाद नको, डोमेन देतो. त्यांनी हमीपत्र पाठवलं, त्यात 'सदर अथवा तत्सम कोणतेही नाव कधीही वापरणार नाही'. बहिणीने 'अथवा तत्सम कोणतेही' खोडून 'चित्रपट व मनोरंजनाच्या संबंधात' घातलं. उद्या अंगणातल्या पाटीवर त्यातला एखादा शब्द आला, तर परत मेल नको.

नवं डोमेन ६० दिवस डोमेन विकणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही, इथे पुन्हा अडलं. शेवटी त्यांनी आमच्याच कंपनीत खातं उघडलं आणि डोमेन एका खात्यातून दुसऱ्यात सरकवलं. दहा मिनिटं लागली. ८४९ रुपयांचा विषय कुणी काढला नाही.

दारातल्या सुरंगीवरून नवं नाव ठरलं. या वेळी आधी वर्ग ४३ पाहिला, उच्चार जुळणारी नावंही शोधली, ४५०० रुपये भरून अर्ज केला आणि मगच डोमेन घेतलं. पेंटरने पाटी रंगवून दिली. अर्जाची स्थिती दर रविवारी बघते, अजून 'फॉर्मॅलिटीज चेक पास'वरच, म्हणजे कागदपत्रांच्या पहिल्या तपासणीपुढे सरकलेला नाही.