नववा प्रश्न आणि एक ‘ना’

परवा कुडाळला प्रशिक्षण घेतलं. समोर चौदा जणी, बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या सिस्टर. विषय होता, नैराश्य आलेल्या माणसाला सहा ते आठ भेटींत सावरायला मदत कशी करायची. ही पद्धत आपल्या शेजारी, गोव्यात ‘संगथ’ संस्थेने पारखून घेतली आहे. तिथे १० आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी अर्ध्या-पाऊण तासाच्या भेटी घेतल्या. तीन महिन्यांनी त्यांच्याकडचे ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. आमच्या सिस्टरांना हे सांगताना मला फार बरं वाटतं.

तंत्र तसं सोपं आहे. रुग्ण म्हणतो, मन थाऱ्यावर आलं की कामाला लागेन. आपण आधी काम धरायचं, मन मागून येतं. पण “जरा फिरत जा” म्हणून भागत नाही. मंगळवारी, सकाळचा चहा झाला की परसातल्या अबोलीला पाणी घालायचं, इतकं बारीक ठरवावं लागतं. हे दुपारपर्यंत सगळ्यांना जमलं.

अडलं ते पीएचक्यू-९ च्या, म्हणजे नैराश्य किती आहे हे तपासायच्या नऊ प्रश्नांच्या यादीतल्या, नवव्या प्रश्नाला. गेल्या दोन आठवड्यांत मरून जावं, स्वतःला इजा करावी असे विचार आले का? रोल प्लेमध्ये एक जुन्या सिस्टर विचारत होत्या. रुग्ण झालेली मुलगी म्हणाली, “खयंच मन लागणा नाय.” सिस्टर पुढे वाकल्या, आवाज मऊ केला आणि म्हणाल्या, “असले काही वेडेवाकडे विचार येत नाहीत ना, बाय?”

मुलीने मान हलवली. नाही.

आम्ही रेकॉर्डिंग लावलं. सिस्टरांनी स्वतःच थांबवलं, परत ऐकलं. “मीच तिच्या तोंडात ‘नाही’ घातलं,” म्हणाल्या. वीस वर्षं माणसांना धीर देणारी जीभ आहे ती. तिचा दोष नाही. पण मला त्या ‘ना’ची भीती वाटते, म्हणूनच मी रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय कुणाला प्रमाणपत्र देत नाही.

दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, “जीव द्यावा असं मनात येतं का?” मुलगी म्हणाली, “येतं कधी कधी.” सिस्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. पुढे काय बोलायचं?

वेळापत्रकातलं पुढचं सगळं बाजूला ठेवलं. कधी येतं, काही ठरवलंय का, घरात फवारणीचं औषध कुठे असतं, रात्री सोबत कोण झोपतं. तिला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून द्यायचा. चौदाही जणींनी एकेकदा विचारून पाहिलं. साडेसहा वाजले. वेंगुर्ल्याची शेवटची गाडी चुकेल म्हणून दोघी उठल्या, तरी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.